मेसेज मोजायचे की मेहनत?

मागच्या वर्षी, रमजानच्या थोडे आधी, आमच्या लेकीने एका ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातले. बालवाडीतल्या मुलांना कसे शिकवावे, असा तो सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. आम्ही उंब्रजला राहतो. एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला कराड आणि गावाला लागून पुणे-बंगळूर महामार्ग. तरीही रोजच्या जाण्यायेण्याचे भाडे, वेळ आणि घरातली कामे यांचा हिशेब मांडला, की मोबाइलवरचे शिक्षण आमच्यासारख्या घरांना सोयीचे वाटते. लेकीला घरबसल्या शिकता येईल, म्हणून आम्हीही खूश होतो.

अभ्यासक्रमात पाच-पाच मुलींचे गट होते. आमच्या लेकीच्या गटात मसूर, चाफळ, कराड आणि पलूसच्या मुली होत्या. घरे वेगळी, जातीधर्म वेगळे, एकमेकींना कोणी पाहिलेले नाही. त्यांना मिळून एक पुस्तिका करायची होती: स्वयंपाकघरातल्या वस्तूंमधून अंकओळख. वाट्या, चमचे, लसणाच्या पाकळ्या, भाकरीचे चतकोर यांवरून मुलांना मोजायला शिकवायचे. आमची लेक रात्री जेवणे उरकल्यावर वही घेऊन बसायची. चित्रे काढायची, खाली दोन-दोन ओळी लिहायची. घरात चांगला मोबाइल एकच, तोही अब्बांचा. तो रात्री दहानंतर हाती आला, की पानांचे फोटो काढून गटात टाकायची आणि झोपायची.

पुस्तिका चांगली झाली. निकाल लागला, तेव्हा घरात रडारड झाली. 100 पैकी 60 गुण पुस्तिकेचे होते, ते पाचही मुलींना सारखेच मिळाले. उरलेले 40 गुण 'सहभागा'चे. किती दिवस हजेरी लावली, किती मेसेज टाकले, हे मोजून ते आपोआप पडलेले. आमच्या लेकीला 40 पैकी 9 मिळाले. पुस्तिकेतली निम्म्याहून अधिक चित्रे तिची होती. आणि चाफळच्या मुलीला मिळाले 38. "अम्मी, तिने एक पानसुद्धा काढलेले नाही. नुसते 'छान', 'मस्त', 'कुठपर्यंत आले गं' एवढेच लिहायची," लेक सांगत होती आणि डोळे पुसत होती.

हा प्रश्न एका मुलीच्या गुणांपुरता नाही, हे आम्हाला हळूहळू कळले. आज आपल्या घराघरांत मुले मोबाइलवर गटाने शिकत आहेत. म्हणून चार गोष्टी वाचून, विचारून आणि मुलींशी बोलून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गटाने शिकणे काही नवे नाही

मोबाइल नवा आहे, गटाने शिकणे मात्र जुने आहे. मस्जिदे नबवीच्या चौथऱ्यावर राहून शिकणारे अस्हाबे सुफ्फा आपल्याला ठाऊक आहेत. मिळून काम करण्याची आणि कामाची नीट वाटणी करण्याची उदाहरणेही आपल्या इतिहासात आहेत. हिजरी 5 मध्ये मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खणायचा ठरला. सूचना होती हजरत सलमान फारसी (र.) यांची. तेव्हा दर दहा जणांच्या तुकडीला चाळीस हातांचा भाग नेमून दिल्याचे सीरतच्या ग्रंथांत सांगितले आहे. पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः माती वाहत होते. काम सगळ्यांचे होते, पण कोणाचा वाटा कुठून कुठपर्यंत, हे स्पष्ट होते.

त्याहून सूक्ष्म उदाहरण कुरआनच्या संकलनाचे. हजरत अबूबक्र (र.) यांच्या काळात हे काम हजरत जैद बिन साबित (र.) यांच्याकडे सोपवले गेले. ते स्वतः हाफिज आणि वहीचे लेखक होते. तरी त्यांनी केवळ आपल्या स्मरणावर विसंबून काही घेतले नाही. लेखी मजकूर आणि साक्षीदार यांची अट ठेवली. पुढे हजरत उस्मान (र.) यांच्या काळात प्रती तयार करायच्या होत्या, तेव्हा जैद यांच्यासोबत कुरैशचे तिघे नेमले गेले. मतभेद झाला तर काय करायचे, हे आधीच ठरले होते: कुरैशच्या बोलीप्रमाणे लिहायचे. कोण काम करणार, पुरावा कोणता धरायचा आणि वाद झाला तर निवाडा कसा करायचा, या तिन्ही गोष्टी काम सुरू होण्याआधी ठरल्या. आजच्या किती ऑनलाइन गटांत यातली एक तरी गोष्ट ठरलेली असते?

हदीसच्या अभ्यासकांनी तर प्रत्येक रिवायतीसोबत सांगणाऱ्यांची साखळी जपली. कोणी कोणाकडून ऐकले, त्याचे स्मरण कसे, सचोटी कशी, हे एकेका व्यक्तीबद्दल तपासले. हजारो लोकांनी मिळून उभारलेले ज्ञान, पण नोंद प्रत्येकाची स्वतंत्र. आणि आपण? नाव-गाव नसलेला मेसेज आला, की पुढे पाठवून मोकळे होतो.

साताऱ्याच्या मातीतला धडा

आमच्या कराड तालुक्यातच काले हे गाव आहे. तिथे 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका' या विचारात श्रमाला शिक्षणाइतकेच मोल होते. कोण किती बोलला यापेक्षा कोणी किती पाणी भरले, किती दळण दळले, हे त्या मुलांना एकमेकांचे दिसत होते. एका छपराखाली राहणाऱ्यांना वेगळी नोंद लागत नाही. पाच गावांतून पाच पडद्यांवर काम करणाऱ्यांना मात्र ती लागते, कारण दुसरीच्या घरी काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही.

नोंद राहिली नाही तर काय होते, हेही याच जिल्ह्याच्या एका आठवणीतून कळते. सावित्रीबाई फुले यांचे माहेर नायगाव, सातारा जिल्ह्यातलेच. आजारपणात माहेरी असताना त्यांनी ऑक्टोबर 1856 मध्ये जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. फातिमा शेख यांच्याबद्दल लेखी माहिती फारच थोडी उरली आहे, आणि त्या थोड्यात हा उल्लेख मोलाचा ठरतो. सोबतीणीने तिच्या कष्टाची दखल घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. गटात काम करणाऱ्या प्रत्येक मुलीला आम्ही ही गोष्ट सांगू इच्छितो. आपल्या सोबतीणीच्या मेहनतीबद्दल लिहून ठेवणे, हाही सहकार्याचाच भाग आहे.

गटात माणूस हात का आखडतो?

फ्रान्समधले शेतीचे अभियंते माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून एक साधा प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष 1913 साली प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो गटात लावत नाही, असे त्यांना दिसले. आठ जण एकत्र ओढू लागले, की प्रत्येकाचा जोर सरासरीने जवळजवळ निम्म्यावर येत होता. काही जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो, हे खरे. पण 1979 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्याचा आणि ओरडण्याचा प्रयोग केला, तेव्हा दुसरे कारणही पुढे आले. गटात आपले वेगळे माप निघत नाही असे वाटले, की माणूस नकळत सैल पडतो. पुढच्या प्रयोगांत प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार, असे सांगितल्यावर ही ढिलाई राहिली नाही.

म्हणजे सगळ्यांना सरसकट सारखे गुण देणे बरोबर नाही. कष्टाळू मुलीवर अन्याय होतो आणि सैल मुलीची सवय बिघडते. मग मेसेज मोजावेत का? त्यात दुसरा धोका आहे. जे मोजले जाते तेच लोक करू लागतात. मेसेजला गुण असले, की मेसेज वाढतात, काम वाढतेच असे नाही.

याचे मोठे उदाहरण पुण्यात घडले. 2011 साली काही महाविद्यालयांतल्या शेकडो विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायला लावण्यात आले. कल्पना चांगली होती. विकिपीडियात तर प्रत्येक लेखामागे 'इतिहास' असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द घातला किंवा काढला, ते सगळे त्यात दिसते. पण अनेक विद्यार्थ्यांनी इकडून तिकडून मजकूर उचलून तसाच टाकला. साफसफाई करता करता जुने संपादक थकले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो प्रयोग आवरावा लागला. नोंद उपलब्ध होती, पण ती वेळेवर वाचून मुलांना समजावणारे हात अपुरे पडले. नोंद ठेवण्याइतकेच ती कोणीतरी वाचणेही गरजेचे असते.

आम्ही हिशेब मांडला, आणि आमचेच डोळे उघडले

आता पुन्हा आमच्या घरची गोष्ट. लेकीला आम्ही म्हणालो, तक्रार करायची असेल तर आधी पुरावा मांड. तिने गटातल्या मुलींशी बोलून एका रविवारी दुपारी सगळ्यांना फोनवर एकत्र आणले. पहिल्या दिवसापासूनचे मेसेज पाचही जणींनी वाचून काढले. वहीत रकाने आखले: कोणी काय केले, कधी केले, कोणाला मदत केली.

आमच्या लेकीची चित्रे सर्वांत जास्त होती, हे सगळ्यांनी मान्य केले. पण आणखी एक गोष्ट निघाली. पलूसच्या मुलीने तिला तीन वेळा विचारले होते की, अंक मराठीत लिहायचे की इंग्रजीत. चार दिवस उत्तर नाही. शेवटी त्या मुलीने आपली सहा पाने दोनदा लिहिली. आमची लेक काम टाकून झोपून जात होती. इतरांनी काय लिहिले, काय विचारले, ते तिने वाचलेच नव्हते. फोन थोडा वेळच हाती असायचा, हे खरे. पण त्या थोड्या वेळातही दोन शब्द लिहिता आले असते.

आणि चाफळची मुलगी? तिच्या 'कुठपर्यंत आले गं'मुळेच गट चालू राहिला होता. कराडच्या मुलीची आई दवाखान्यात होती. ती मुलगी अभ्यासक्रम सोडायला निघाली होती. चाफळच्या मुलीने तिला रोज फोन केला आणि तिची पाने बोलता बोलता लिहून घेतली. ही पाने कोणाच्याच खात्यावर दिसत नव्हती. 38 गुण मेसेजांमुळे पडले होते, पण तिने केलेले खरे काम त्या मोजणीत आलेच नव्हते.

आमची लेक बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अब्बा, मी तिच्याबद्दल वाईट बोलले." आम्हीही बोललो होतो. न तपासता, घरात बसून, एका परक्या घरच्या लेकीबद्दल. गीबत म्हणजे काय, हे आम्ही मुलांना शिकवतो आणि स्वतःच तिथे पाय घसरतो.

मुलींनी तो तक्ता अभ्यासक्रमाच्या शिक्षकांना पाठवला. गुण बदलले नाहीत, ते आता बदलता येत नव्हते. पण दुसऱ्या प्रकल्पाआधी मुलींनी स्वतःचे नियम ठरवले. तो प्रकल्प त्यांनी चौदा दिवसांऐवजी अकरा दिवसांत संपवला, आणि पाचही जणी अभ्यासक्रमाच्या शेवटपर्यंत टिकल्या.

मोजमाप कसे असावे?

कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही मापात कमी देणाऱ्यांना बजावणारी सूरत आहे. स्वतःसाठी घेताना पुरेपूर मोजायचे आणि दुसऱ्याला देताना हात आखडायचा, याची तिथे निंदा आहे. धान्याच्या मापाला जे लागू, ते श्रेयाच्या मापालाही लागू आहे, असे आम्हाला वाटते. एखाद्याच्या कष्टाचे श्रेय कमी तोलणे हीसुद्धा मापातली चोरीच.

आपल्या शाळांना ही गोष्ट नवी नाही. महाराष्ट्रात 2010 पासून प्राथमिक वर्गांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत लेखी चाचणीबरोबर निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प तर आहेतच, शिवाय गटकार्य, स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तकात शिक्षकांसोबत मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन असावे, असे म्हटले आहे. सोय कागदावर आहे, ती मोबाइलवरच्या गटात उतरवायची आहे. मुलींनी केलेले नियम आणि आम्ही वाचलेले यांतून काही गोष्टी पुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, गट चार-पाच जणांचाच असावा आणि प्रत्येकीचा वाटा आधी लिहून ठेवावा. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात 1971 साली काळी आणि गोरी मुले प्रथमच एका वर्गात आली, तेव्हा तणाव फार होता. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना शिकवायचा, आणि परीक्षा मात्र प्रत्येकाची पूर्ण धड्यावर. दुसऱ्याचे नीट ऐकल्याशिवाय कोणाचेच भागत नव्हते. पाच गावांच्या पाच मुलींनाही हीच रीत उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट, कामाची एक वही. तारीख, नाव, केलेले काम. कागदावर काढलेले चित्र, फोनवर समजावून सांगितलेला भाग, आजारी मैत्रिणीचे लिहून घेतलेले पान, हे सारे त्यात यावे. वही ठेवण्याचे काम दर आठवड्याला दुसरीकडे जावे.

तिसरी गोष्ट, गुणांचे दोन भाग. काही गुण मिळून केलेल्या कामाचे, ते सर्वांना सारखे. काही गुण प्रत्येकीचे स्वतंत्र. शेवटी शिक्षकांनी प्रत्येकीला दोन तोंडी प्रश्न विचारावेत आणि त्यातला एक तिने न केलेल्या भागावर असावा. नुसते नाव लावणारी व्यक्ती तिथे लगेच कळते.

चौथी गोष्ट, सोबतीणीचे मूल्यमापन करताना पुराव्याचे एक वाक्य लिहावे. 'ती आळशी आहे' असे लिहायचे नाही. 'तीन दिवस उत्तर आले नाही, त्यामुळे माझे काम थांबले' असे लिहायचे. म्हणजे माणसाबद्दल नाही, कामाबद्दल बोलायचे. आमच्या घरी आम्ही एक कसोटी ठरवली आहे: जे तिच्या तोंडावर सांगू शकत नाही, ते कागदावरही लिहायचे नाही.

पाचवी गोष्ट, मेसेजांची संख्या फार तर एक खूण समजावी, निकाल समजू नये. एखादी मुलगी गप्प दिसली तर शिक्षकांनी आधी विचारावे की, घरी मोबाइल कोणाचा आहे.

आणि आपण, आईबाप

हा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी सर्वांत अवघड होता. गुण कमी पडले त्याला ती मोजणी जबाबदार होती, आणि आमचे घरही. थोरल्या मुलाला कॉलेजला जाताना आम्ही मोबाइल घेऊन दिला. लेकीला मात्र रात्री दहानंतर, सगळ्यांचे झाल्यावर उरलेला वेळ दिला. भीती होती, ती खोटी नाही. अनोळखी नंबर, फोटो, नको ती ओळख, यांची काळजी कोणत्या घराला नसते? पण त्या काळजीचा उपाय म्हणून लेकीचा आवाजच बंद करायचा का? गटात जी बोलत नाही, ती आळशी समजली जाते. तिच्या घरात मोबाइलची वाटणी कशी आहे, हे तिथे कोणाला दिसणार?

आता आमच्याकडे असे ठरले आहे. मगरिबनंतर एक तास मोबाइल तिचा, घरातल्या सगळ्यांसमोर, बैठकीच्या खोलीत. गटात शिक्षिका असल्याच पाहिजेत. फोटो फक्त वहीच्या पानांचे. त्या तासात कोणाचाही फोन आला, तरी तो नंतर घ्यायचा. पहिले काही दिवस अब्बांना जड गेले. दुकानाच्या मालाचे फोन त्याच वेळेला येतात. आता माल देणाऱ्यांनाही वेळ माहीत झाली आहे.

ईदला चाफळची मुलगी आईला घेऊन आमच्या घरी शीरखुर्मा खायला आली. मसूरची मुलगीही आली. पाचपैकी तिघी पहिल्यांदाच समोरासमोर बसल्या होत्या. पुस्तिका मध्ये ठेवली होती. आतल्या पहिल्या पानावर पाचही नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे तिने केलेले काम लिहिले आहे. चाफळच्या मुलीच्या नावापुढे आमच्या लेकीने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: सर्वांची विचारपूस, आणि कराडच्या मैत्रिणीची आठ पाने.